बंद दाराआडची पेशी

परभणी जिल्ह्यातील साठी-सत्तरी उलटलेल्या माणसांपाशी १९७२ सालाचा विषय काढला, म्हणजे त्यांच्या तोंडी प्रथम दुष्काळ येतो, खडी फोडण्याची कामे येतात, तांबडी मिलो ज्वारी आणि सुकडी येते. आणि त्याच करपलेल्या उन्हाळ्यात, १८ मे रोजी, परभणीस मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली ही गोष्ट, माणूस शिकलेला असला तर, मागाहून येते. त्या एका वर्षात देशाच्या दोन निरनिराळ्या कोपऱ्यांत अशा दोन घटना घडल्या, की ज्यांचा परभणीशी त्या वेळी काडीचाही संबंध नव्हता. परंतु आज या जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयात एखादी विद्यार्थिनी, प्राध्यापकाविरुद्ध अथवा सहाध्यायाविरुद्ध लैंगिक छळाची लेखी तक्रार घेऊन उभी राहते, तेव्हा तिला कोणत्या खोलीत, कोणासमोर बसवावे, तिचे म्हणणे कोणी आणि कसे टिपून घ्यावे, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला त्या वेळी कोठे बसवावे, याविषयीचे नियम ज्या वाटेने इथवर आले, त्या वाटेचा आरंभ त्या दोन घटनांपाशी आहे.

पहिली घटना २६ मार्च १९७२ च्या रात्रीची, तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातील; आणि दुसरी त्याच वर्षीच्या १० जूनच्या रात्रीची, रांचीच्या राजेंद्र वैद्यकीय महाविद्यालयातील मुलींच्या वसतिगृहाची. पहिलीची आठवण महाराष्ट्राने ठेविली. दुसरीची आठवण कायद्याच्या ग्रंथांबाहेर फारशी कोणी ठेविली नाही, आणि म्हणून तिच्यापाशी किंचित अधिक थांबणे मला आवश्यक वाटते.

तत्पूर्वी, महाविद्यालयांत अशा तक्रारीची वासलात कशी लागत असे ते सांगितले पाहिजे. आपल्याकडील महाविद्यालये बहुतांशी खाजगी शिक्षणसंस्थांची. संस्थेच्या कार्यकारिणीवर गावातील वजनदार मंडळी. आणि प्राचार्य हे संस्थाचालक व विद्यार्थी या दोहोंच्या मध्ये उभे. मुलीने तक्रार केलीच, आणि बहुधा ती करीतच नसे, तर तिच्या वडिलांना गावाहून बोलावणे जाई; वडील धोतराचा सोगा सावरीत प्राचार्यांच्या खोलीत खुर्चीच्या कडेला बसत; आणि मुलीच्या लग्नाचा प्रश्न आहे, बोभाटा होण्यात कोणाचेच हित नाही, हे उभयपक्षी लवकरच मान्य होई. तक्रार विद्यार्थ्याविरुद्ध असली तर त्यास 'समज' दिली जाई. प्राध्यापकाविरुद्ध असली तर पुढील जूनमध्ये संस्थेच्या दुसऱ्या गावच्या शाखेत त्याची रवानगी होई, जेथे त्याला ओळखणारे कोणी नसे. कागद मात्र होत नसे. ज्या प्रांतात एका बैलाच्या चोरीचीही मिसल तयार होई, त्याच प्रांतात या एका अपराधाची मिसल कधी बांधली गेली नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

मिसल, म्हणजे प्रकरणाची कागदपत्रे, हा शब्द मी जाणूनबुजून योजिला. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता, दरबाराची आणि कचेरीची भाषा उर्दू होती, आणि त्या अमदानीने मराठवाड्याच्या बोलीत सोडून दिलेले शब्द अजून विझलेले नाहीत. दरखास्त, तहकिकात, शहादत, फैसला हे शब्द आता म्हाताऱ्यांच्याच तोंडी ऐकू येतात. परंतु 'पेशी' हा शब्द टिकला. तहसील कचेरीत जमिनीच्या तंट्यासाठी निघालेला पालम-सोनपेठकडील शेतकरी 'आज पेशी हाय' असेच म्हणतो. शासकीय परिपत्रकांत जिला सुनावणी म्हणतात ती त्याच्या दृष्टीने पेशीच असते, आणि पेशीला जाणे म्हणजे कोणीतरी मोठ्या माणसाने बोलाविल्यावरून हात जोडून उभे राहणे, हा त्या शब्दामागचा अर्थही त्याच्या मनातून गेलेला नाही. आपली मुलगी पेशीला जाणार, ही कल्पना त्याला सहन होत नाही ती यामुळे.

रांचीच्या त्या रात्री काही विद्यार्थी मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात शिरले आणि त्यांनी तेथे विवस्त्र अवस्थेत धिंगाणा घातला. वसतिगृहातील छत्तीस विद्यार्थिनींनी मिळून प्राचार्यांकडे लेखी तक्रार दिली. एकटीने नव्हे, छत्तीस जणींनी. आणि या संख्येतच त्यांचे धैर्य आणि त्यांचे भय ही दोन्ही एकदम दिसतात. प्राचार्यांनी प्रकरण गुपचूप मिटविले नाही, हे त्यांना भूषणावह होय. त्यांनी अध्यापकांपैकी तिघांची चौकशी समिती नेमली. समितीपुढे पेच असा, की मुलांच्या समक्ष बोलण्यास मुली धजावणार नाहीत हे उघड होते, आणि मुलांच्या पाठीमागे घेतलेला जबाब ग्राह्य कसा धरावा याचे उत्तर कोणत्याही नियमावलीत नव्हते. समितीने मुलींचे जबाब मुलांच्या गैरहजेरीत घेतले. संशयित विद्यार्थ्यांची छायाचित्रे इतर अनेक विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांत मिसळून मुलींपुढे ठेविली आणि त्यांना ओळखण्यास सांगितले. त्यानंतर त्या विद्यार्थ्यांना स्वतंत्रपणे बोलावून आरोप सांगितला व त्यांचे म्हणणे लिहून घेतले. आम्ही त्या रात्री आमच्याच वसतिगृहात होतो, असे त्यांनी सांगितले. समितीचा त्यावर विश्वास बसला नाही, आणि दोन शैक्षणिक वर्षांसाठी त्यांचे निष्कासन झाले.

ते विद्यार्थी पाटण्याच्या उच्च न्यायालयात हरले आणि सर्वोच्च न्यायालयात गेले. साक्षीदार आमच्यासमोर तपासले नाहीत, आम्हांस उलटतपासणी करू दिली नाही, समितीच्या अहवालाची प्रतही दिली नाही, तेव्हा नैसर्गिक न्यायाचा भंग झाला, असा त्यांचा दावा होता; आणि कायद्याच्या पुस्तकी अर्थाने पाहिले तर तो पोकळ म्हणता येत नाही. १९७३ साली न्यायनिर्णय लिहिला तो न्यायमूर्ती देवीदास गणपत पालेकर यांनी, ज्यांचे नाव पुढे वृत्तपत्र कर्मचाऱ्यांच्या वेतनाविषयीच्या निवाड्यामुळे मराठी वाचकांस अधिक परिचित झाले. नैसर्गिक न्यायाची तत्त्वे सर्व ठिकाणी एकाच साच्यात ओतलेली नसतात. महाविद्यालयातील चौकशी म्हणजे फौजदारी खटला नव्हे. आणि जे लोक रात्री मुलींच्या वसतिगृहात शिरण्यास कचरले नाहीत त्यांच्यासमोर मुलींना उभे करणे म्हणजे त्यांचे पुढील जिणे असह्य करणे होय, असा त्या निर्णयाचा आशय आहे. विद्यार्थ्यांचे अपील फेटाळले गेले. महाविद्यालयाने आपल्या आवारात घेतलेली, वकील नसलेली, आणि आरोपीस साक्षीदाराच्या नजरेआड ठेवणारी चौकशी ही कायदेशीर चौकशी असू शकते, हे या देशात तेव्हा ठामपणे लिहिले गेले, आणि तेही 'लैंगिक छळ' हा शब्दप्रयोग कोणत्याही अधिनियमात येण्यापूर्वी चाळीस वर्षे.

देसाईगंजची कथा याच्या उलट दिशेने गेली. पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांस दोषी ठरविले, तर १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने, तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत एवढ्यावरून, त्यांस मुक्त केले. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांस अनावृत पत्र लिहिले, आणि त्या पत्राने जे मोहोळ उठले त्यातून १९८३ ची दुरुस्ती जन्मास आली. त्या दुरुस्तीने आणलेल्या अनेक गोष्टींपैकी माझ्या विषयाला लागू अशा दोनच सांगतो: पीडित स्त्रीचे नाव छापणे हा गुन्हा ठरला, आणि अशा खटल्याची सुनावणी बंद दाराआड घ्यावी असे ठरले. बंद दाराआड सुनावणी ही तोवर अब्रू झाकण्याची युक्ती होती; यापुढे ती तक्रार करणारीचा हक्क झाली. दार तेच, कडीही तीच. कडी कोणाच्या हिताची, एवढे बदलले.

मग आली विशाखा. राजस्थानातील भटेरी गावची भंवरीदेवी ही सरकारी योजनेतील साथिन; बालविवाह थांबविण्याचे काम करते म्हणून २२ सप्टेंबर १९९२ रोजी तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला आणि १९९५ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना सोडून दिले. 'विशाखा' हे तिचे नाव नव्हे, तिच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या संस्थांपैकी एकीचे ते नाव. आपल्याकडे पुष्कळांचा याविषयी गैरसमज असतो म्हणून सांगितले. १३ ऑगस्ट १९९७ रोजी सरन्यायाधीश वर्मा, मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री मुख्य न्यायाधीश राहिलेल्या सुजाता मनोहर, आणि कृपाल यांच्या पीठाने, संसद कायदा करीपर्यंत हाच कायदा, असे म्हणून मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली: प्रत्येक आस्थापनेत तक्रार समिती, तिच्या अध्यक्षस्थानी स्त्री, निम्म्याहून कमी नव्हेत इतक्या स्त्रिया, आणि बाहेरील एक त्रयस्थ व्यक्ती. या निर्णयाचा लाभ ज्या स्त्रीमुळे झाला तिला त्यातून काही मिळाले नाही.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत या समितीस लोक अजूनही 'विशाखा समिती' म्हणतात. परंतु तिचे आरंभीचे आयुष्य बव्हंशी कागदावर गेले. फलकावर नावे लागत, वार्षिक अहवालात एक परिच्छेद येई, आठ मार्चला व्याख्यान होई. एखाद्या समितीने खरोखरच चौकशी करून अहवाल दिला, तर व्यवस्थापन म्हणे, ही केवळ प्राथमिक चौकशी; आता सेवानियमांप्रमाणे खातेनिहाय चौकशी नव्याने करावी लागेल. मग दुसरा चौकशी अधिकारी येई, बहुधा निवृत्त आणि पुरुष, आणि त्या मुलीने एकदा सांगितलेले सर्व पुन्हा पहिल्यापासून सांगावयाचे. तोवर ती उत्तीर्ण होऊन गेलेली असे, किंवा तिचे लग्न झालेले असे. एकाच दुःखाची दोनदा जबानी घेणारी ही व्यवस्था मोडली ती एका मराठी बाईंच्या चिकाटीने. पुण्याच्या 'आलोचना' या संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांनी विशाखा निर्णयाची अंमलबजावणी होत नाही असे सर्वोच्च न्यायालयास पत्राने कळविले. ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेण्यात आले. आणि २६ एप्रिल २००४ रोजी न्यायालयाने आदेश दिला, की तक्रार समिती हीच चौकशी प्राधिकरण समजावी आणि तिचा अहवाल हाच सेवानियमांखालील चौकशी अहवाल मानावा. त्याच याचिकेचा अंतिम निर्णय १९ ऑक्टोबर २०१२ चा आहे.

या आदेशाचे महत्त्व त्या वेळी जेवढे ओळखले जावयास पाहिजे होते तेवढे ओळखले गेले नाही. त्याने समितीस दात दिले, हे सर्वांनी पाहिले. पण दाताबरोबर भारही आला. ज्या समितीच्या अहवालावर माणसाची नोकरी जाऊ शकते, तिला न्यायासनाची शिस्त पाळावी लागते, आणि ही शिस्त रसायनशास्त्र किंवा मराठी शिकविणाऱ्या प्राध्यापकांस कोणी शिकविली नव्हती. तिचा हिशेब पुढे गोव्यात चुकता झाला.

संसदेचा लैंगिक छळविरोधी कायदा २०१३ साली झाला आणि त्या वर्षीच्या ९ डिसेंबरपासून अंमलात आला. येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे, की ज्या वर्मांनी विशाखा निर्णयाने ही अंतर्गत समिती निर्माण केली, त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने, दिल्लीतील २०१२ च्या सामूहिक अत्याचाराच्या भीषण प्रकरणानंतर जानेवारी २०१३ मध्ये दिलेल्या अहवालात, संस्थेच्या आतील समितीवर अविश्वास दाखवून तिच्या जागी स्वतंत्र न्यायाधिकरण असावे असे सुचविले. संसदेने ते मानले नाही. घरच्या घरी न्याय, ही आपली जुनी आवड आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम २ मे २०१६ रोजी राजपत्रात आले, आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न असलेली परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड, पूर्णा इकडील महाविद्यालये त्यांच्या कक्षेत आली.

ही पेशी आज कशी चालते? कोणत्याही एका प्रकरणाची ओळख उघड करणे कायद्याच्या कलम १६ ने निषिद्ध आहे आणि मीही ते करणार नाही; सर्वत्र जे व्हावयाचे तेवढेच दाखवितो. खोली बहुधा वरच्या मजल्यावरील, एखाद्या विभागाची. बाहेर स्टुलावर शिपाई, ज्याला आत काय आहे हे सांगितलेले नसते आणि तरीही सर्व ठाऊक असते. आत अध्यक्षस्थानी ज्येष्ठ प्राध्यापिका. दोन अध्यापक, कार्यालयातील दोन कर्मचारी, स्वयंसेवी संस्थेतील बाहेरची एक व्यक्ती. आणि प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर तीन विद्यार्थी. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा अधिकारपदांवरील कोणी समितीत बसू शकत नाही, आणि या एका नियमाने जुन्या प्राचार्यांच्या खोलीचे दार कायमचे बंद केले. तक्रार तीन महिन्यांच्या आत, लेखी. ती लिहिता येत नसेल तर लिहून देण्यास साहाय्य करणे समितीचे कर्तव्य. सात दिवसांत तिची प्रत गैरअर्जदारास, त्याचे उत्तर दहा दिवसांत, चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण, अहवाल पुढील दहा दिवसांत, आणि त्यावर कारवाई तीस दिवसांत. वकील कोणाच्याच बाजूने नाही. गणपूर्तीस अध्यक्षांसह किमान तिघे.

खरी कसोटी मात्र या मुदतींत नसते. ती जबाब लिहिण्यात असते. मुलगी बोलते ती आपल्या बोलीत, अडखळत. कधी पंधरा मिनिटे काहीच बोलत नाही. लिहून घेणारा कारकून कचेरीच्या सवयीने लिहितो: 'सदर इसमाने माझ्याशी गैरवर्तन केले.' एवढ्या एका वाक्यात सर्व प्रकरण मरते; कारण गैरवर्तन म्हणजे काय, हात धरला की रात्री अकरा वाजता संदेश पाठविला, अंतर्गत गुणांची भीती घातली की प्रयोगशाळेत थांबवून घेतले, हे त्या मिसलीत कोठेच उरत नाही, आणि सहा महिन्यांनी अपिलात कोणी विचारले तर दाखवावयास काही नसते. जाणत्या अध्यक्षा अशा वेळी ते वाक्य खोडावयास लावतात आणि तिचेच शब्द, कितीही ओबडधोबड असोत, जसेच्या तसे उतरवून घेतात. मग जबाब तिला वाचून दाखवितात, आणि 'वाचून पाहिले, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे' या ओळीखाली प्रत्येक पानावर तिची सही घेतात. उलटतपासणीसाठी पुष्कळ समित्या गैरअर्जदारास प्रश्न लेखी मागतात. अध्यक्षा ते चाळून, चारित्र्यावर शिंतोडे उडविणारे वगळून, स्वतः विचारतात. आणि तो त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसलेला असतो. रांचीच्या त्या तिघा अध्यापकांना जे सुचले त्याचीच ही वाढलेली फांदी आहे.

चौकशी चालू असता गैरअर्जदारास तिच्या उत्तरपत्रिका तपासण्यापासून दूर ठेवण्याची, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देण्याची शिफारस समितीस करता येते. एस.टी.च्या मासिक पासावर मानवत-पाथरीकडून येणाऱ्या मुलीला या तरतुदी सांगावयास पाहिजेत, पण ती पहिल्यांदा विचारते ते दुसरेच: 'घरी कळेल का?' तिच्या दृष्टीने शिक्षा त्याला होण्याआधी तिलाच होणार असते, आणि ती म्हणजे शिक्षण बंद.

आता गोवा. मार्च २००९ मध्ये गोवा विद्यापीठातील एका विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. समितीने काम सुरू केले ते बेताच्या गतीने. मे महिन्यात मात्र तिला काय घाई झाली कोण जाणे, बैठकांमागून बैठका झाल्या, प्रकृतीच्या कारणावरून मागितलेली मुदत पुरेशी दिली गेली नाही, दोषारोप मुद्देवार लिहून दिले गेले नाहीत, आणि जूनमध्ये अहवाल तयार झाला. त्यावरून त्या गृहस्थास बडतर्फ करण्यात आले. २०१२ साली उच्च न्यायालयाने बडतर्फी कायम केली. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी ती रद्द केली, आणि रद्द करताना मेधा कोतवाल लेले यांच्या याचिकेतील तोच २००४ चा आदेश पुढे ठेविला: समिती ही चौकशी प्राधिकरण आहे, तेव्हा तिने सेवानियमांतील रीत शक्य तितकी पाळावयास पाहिजे होती. प्रकरण पुन्हा समितीकडे गेले, आणि ५ मे २००९ रोजी ते जेथे होते तेथून पुढे तीन महिन्यांत पूर्ण करावे असे सांगण्यात आले.

चौदा वर्षांनी मागे वळून त्या मे महिन्यात जावयाचे! ज्या मुलींनी तक्रार केली त्या तोवर कोठल्या कोठे गेल्या असतील. त्या समितीतील मंडळींचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही; उलट मुलींना लवकर न्याय मिळावा अशीच तळमळ असेल. पण त्या तळमळीने वाचविलेल्या आठ-पंधरा दिवसांची किंमत चौदा वर्षांनी मोजावी लागली, आणि ती मुलींनाच मोजावी लागली. प्रकरण दडपणाऱ्या जुन्या प्राचार्यांनी जेवढे नुकसान केले, तेवढेच अर्धवट मिसल घाईने बांधणारी समितीही करू शकते, असे माझे मत आहे, आणि ते कोणास कठोर वाटले तरी मी ते बदलणार नाही.

त्याच प्रकरणात न्यायालयाने देशभरातील विद्यापीठांना व आस्थापनांना समित्या खरोखर अस्तित्वात आहेत की नाहीत हे तपासून, सदस्यांची नावे आणि तक्रारीची रीत सर्वांना दिसेल अशा ठिकाणी प्रसिद्ध करण्यास सांगितले; आणि ३ डिसेंबर २०२४ च्या आदेशाने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी नेमून ३१ जानेवारी २०२५ पर्यंत, जेथे अंतर्गत समिती नाही तेथील तक्रारींसाठी, स्थानिक समिती स्थापन करण्याची मुदत घालून दिली. परभणी जिल्ह्याचे नऊ तालुके आहेत. वाचकांपैकी ज्यांची लेक, बहीण किंवा भाची या तालुक्यांतील एखाद्या महाविद्यालयात शिकत असेल, त्यांनी एकदा प्रवेशद्वाराजवळच्या फलकापाशी उभे राहून अंतर्गत तक्रार समितीच्या अध्यक्षांचे नाव वाचावे. नेमणुकीची मुदत तीन वर्षांची असते, तेव्हा तारीखही पाहावी.